रविवारची उडी

"सर, बाबांना सांगू नका," इस्पितळाच्या खाटेवर पाठीवर सरळ पडलेला मुलगा छताकडे बघत म्हणाला. "मी घरी सांगितलंय, विमानात लागलं म्हणून."

सुरक्षा अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं. जबाब घेऊन झाला होता.

"विमानात म्हणजे कसं?"

"उतरताना विमान जोरात आपटलं, असं."

"कोणी आपटलं? तू की तुला शिकवणाऱ्या मॅडमनी?"

"तेवढं नाही सांगितलं. आई रडायला लागली, मग मी फोन ठेवला."

अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मुलाच्या कमरेला कडक पट्टा होता आणि त्याला कुशीवर वळायचीही बंदी होती. "मी खोटं बोलणार नाही," ते म्हणाले. "पण तुझ्या आधीही बोलणार नाही. उद्या सकाळच्या गाडीनं तुझे बाबा येतायत. त्यांना आणायला मीच जाणार आहे. तोवर काय ते ठरव."

लष्करी वैमानिक घडवणाऱ्या त्या तळावर या अधिकाऱ्यांना सगळे विद्यार्थी पाठीमागे 'नकोकाका' म्हणत. दर शुक्रवारी संध्याकाळी, सुट्टीवर सुटण्याआधी, पोरांना सभागृहात बसून त्यांचं ऐकावं लागे. मोटारसायकल शर्यतीसारखी चालवायला नको. एकट्यानं डोंगर चढायला नको. परवानगीशिवाय पॅराग्लायडिंग नको. उड्डाणाच्या आदल्या दिवशी जागरण नको, दारू तर नकोच. मागच्या रांगेतलं कोणीतरी प्रत्येक 'नको' मोजत एकेक बोट दुमडे, आणि नकोकाकांना ते दिसत असे. तरुणपणी ते मालवाहू विमानांवर इंजिनाचं काम बघत. पुढे कान अधू झाला, म्हणून इकडे आले, आणि इथेच मुरले. निवृत्ती आता तोंडावर होती.

गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. तिच्यात पाणी साचून निळंशार तळं झालं होतं. पाणी उतरलंय, खाली खडक आहेत, उडी मारू नका, असं नकोकाकांनी सांगून झालं होतं. तशी पाटीही त्यांनीच उभी करून घेतली होती. रविवारी चौघं तिथं गेले. तिघांच्या उड्या नीट पडल्या. चौथा, वर्गात सगळ्यांत आधी एकट्यानं विमान उडवलेला, पाण्याखालच्या दगडावर टाचांवर आदळला. पाठीचा मणका दबून मोडला.

पाय शाबूत होते. डॉक्टर म्हणाले, चालेल, फिरेल, उद्या संसारही करील. पण लढाऊ विमानात संकटाच्या वेळी वैमानिकाला खुर्चीसकट वर फेकणारी यंत्रणा असते. तो हिसका मोडलेल्या मणक्याला सोसायचा नाही. वैमानिकाची खुर्ची त्याच्यासाठी बंद झाली, ती कायमची.

जबाब घेतला त्या संध्याकाळी नकोकाकांना जेवण गेलं नाही.

"अहो, तुमचं तर सांगून झालं होतं ना?" बायको म्हणाली.

"सांगून झालं होतं. ऐकून झालं नव्हतं."

"मग तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

"त्याचा बाप येतोय उद्या," ते म्हणाले, आणि ताट सरकवून उठले.

बाप स्टेशनवर लगेच ओळखू आला. मुलासारखेच पुढे आलेले कान, हातात एक बॅग, अंगावर इस्त्रीचा शर्ट. त्याचा फोटो स्टुडिओ होता. जीपमध्ये बसल्यापासून तो बोलतच होता. बोलणं थांबलं की भीती वाटत असावी.

"पासपोर्टचे फोटो, लग्नाचे फोटो, तेच आमचं काम. काल दुकानात माणसांची रीघ लागली होती, साहेब. ज्याला फोटो काढायचा नाही तोही येऊन गेला. पोरगा कसाय, विमान पडलं का, काय काय. मी म्हटलं, पडलं नाही, नुसतं आपटलं."

नकोकाका समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

"विमान दुरुस्त झालं का?"

"विमानाला काही झालेलं नाही."

"बरं झालं. सरकारी असली तरी वस्तू ती वस्तूच." मग थोड्या वेळानं, जरा खालच्या आवाजात, "शिकवणारं कोण होतं हो त्याच्याबरोबर?"

"एक मॅडम आहेत. चांगल्या शिकवतात."

"मॅडम," बाप स्वतःशीच म्हणाला, आणि बाहेर बघायला लागला. नकोकाकांच्या ओठावर सगळं आलं होतं. गाडी बाजूला घ्यावी आणि दोन वाक्यांत मोकळं व्हावं, असं त्यांना दोनदा वाटलं. पण पोराला शब्द दिलेला होता. त्यांनी गिअर बदलला.

वॉर्डात बापानं आधी मुलाच्या कपाळावर हात ठेवला, मग पायाची बोटं हलवून दाखवायला सांगितली. मुलानं हलवून दाखवली. "झालं तर मग," बाप म्हणाला, आणि खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. मुलगा दाराशी उभ्या असलेल्या नकोकाकांकडे बघायचं टाळत होता.

तेवढ्यात मॅडम आल्या. तिशीतली बाई, अंगावर उड्डाणाचा पोशाख, हातात मुलाच्या खोलीतून आणलेले कपडे आणि दाढीचं सामान. मुलानं घरी काय सांगितलंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

बाप स्टुलावरून उठला. "तुम्हीच का त्या?"

"हो. माझा विद्यार्थी आहे तो."

"विद्यार्थी आहे ना? मग विद्यार्थ्यासारखा जपायचा होता." आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या खाटेवरच्या माणसानं वर्तमानपत्र खाली घेतलं. "मी लहानपणी याला सायकलसुद्धा मागे धरून शिकवली. तुमच्या भरवशावर हातातून सोडला. आणि तुम्ही असा परत देताय मला."

मॅडमचा चेहरा उतरला. रविवारपासून त्या स्वतःलाच काहीबाही विचारत असणार, हे नकोकाकांना दिसत होतं. "तुमचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी लक्ष द्यायला हवं होतं."

नकोकाकांनी बोलायला तोंड उघडलं.

"बाबा," मुलगा म्हणाला. "मॅडमचा काही संबंध नाही. मी विमानात नव्हतो."

"म्हणजे?"

"रविवार होता. खाणीत उडी मारली. पाण्यात."

बापानं मॅडमकडे पाहिलं, मग नकोकाकांकडे. दोघांनीही मान हलवली नाही, तरी त्याला कळायचं ते कळलं. तो परत स्टुलावर बसला.

"किती उंचावरून?"

"तीन मजले असेल."

"तिथं पाटीबिटी नव्हती?"

"होती. पाटीपाशी उभं राहून फोटो काढले आम्ही."

फोटोचं नाव निघाल्यावर बापाच्या तोंडून विचित्र आवाज निघाला, हसण्यासारखा. "कशाला मारलीस रे?"

मुलगा परत छताकडे बघायला लागला. "नीट नाही सांगता येत. आठवडाभर सगळं विचारून करावं लागतं. पट्टा कधी बांधायचा, कुठला खटका कधी दाबायचा, झोपायचं कधी. तिथं वर उभा राहिलो तेव्हा कोणीच काही म्हणणारं नव्हतं. बरं वाटलं. पाण्यात पोचेपर्यंत बरं वाटत होतं."

जबाबात हे आलेलं नव्हतं. नकोकाकांनी ते लिहून घेतलं नाही.

बाप उठून मॅडमसमोर उभा राहिला. "माझं चुकलं, बाई. मी भलत्याच माणसाला बोललो."

"बसा तुम्ही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कपड्यांची घडी खाटेच्या कडेला ठेवली, मुलाच्या खांद्याला हात लावला आणि निघून गेल्या. त्यांच्या उड्डाणाची वेळ झाली होती.

बाहेर व्हरांड्यात बाप नकोकाकांजवळ आला. "गाडीत का नाही बोललात?"

"ते त्यानंच बोलायचं होतं."

"आणि तो बोललाच नसता तर?"

"मग मी बोललो असतो. तोंड उघडलंच होतं मी."

बापानं मान डोलावली. "दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून बसलोय मी. आता एकेकाला परत सांगावं लागणार." असं म्हणून त्यानं तिथंच फोन काढला आणि बायकोला लावला. "हां, पोचलो. पाय हलतायत. ऐक, आधी ऐकून घे. विमानात नाही लागलेलं. पोराचीच चूक आहे... नाही, ओरडलो नाही त्याला. तूही ओरडू नकोस." नकोकाका चार पावलं दूर गेले आणि भिंतीवरचं आगीच्या वेळचं सूचनापत्र वाचत उभे राहिले.

त्या शुक्रवारी सभागृहात कोणी बोटं दुमडली नाहीत. नकोकाकांनी अपघाताचा विषय काढला नाही, नेहमीचंच सांगितलं. शेवटी खाणीवर गेलेल्या तिघांपैकी एक जण उभा राहिला. "सर, पोहायला जायचं असेल तर परवानगी कोणाकडे मागायची?"

"माझ्याकडे."

"तुम्ही द्याल?"

"मागून तर बघा. इतक्या वर्षांत कोणी मागितलीच नाही." थोडी पोरं हसली. नकोकाका हसले नाहीत. हे आपण आधी का सांगितलं नाही, असं त्यांच्या मनात येत होतं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर चार अर्ज आले. तीन त्यांनी मंजूर केले. एक डोंगराचा होता. त्या मुलाला बोलावून सोबतीला कोणीतरी घे म्हणाले, आणि मग तोही मंजूर केला.

वैद्यकीय मंडळाचा निर्णय अपेक्षेप्रमाणेच आला. उड्डाण नाही. सोबत तळाकडून, नियम मोडल्याबद्दल लेखी ताकीद. तब्येत सुधारल्यावर जमिनीवरच्या कामासाठी अर्ज करता येईल, असं निर्णयाच्या खाली एक वाक्य होतं. तो अर्ज करणार की नाही, हे मुलानं कोणाला सांगितलं नाही. जायच्या दिवशी त्याला तळाच्या प्रमुखांसमोर उभं राहून निरोप घ्यायचा होता.

नकोकाका त्याला न्यायला आले तेव्हा वॉर्डाचं दार अर्धं उघडं होतं. मुलगा पूर्ण गणवेशात खाटेच्या कडेला बसला होता. पट्ट्यामुळे तो खांबासारखा ताठ होता, त्याला वाकता येत नव्हतं. बाप समोर फरशीवर गुडघे टेकून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत होता.

"सैल चालतील, बाबा. तिथपर्यंतच तर जायचंय."

"पाय पुढे घे."

मुलानं पाय पुढे केला. बापानं बांधलेली गाठ सोडली, नाडी खालपासून एकेका भोकातून ओढून घट्ट केली आणि परत बांधली. मग दुसरा बूट घेतला. नकोकाका आवाज न करता मागे सरले आणि जीपपाशी जाऊन थांबले.