शौकतचं अर्धं वाक्य

"भाभी, ही वाळू धुता का काय तुमी?" भिमाजीने काचेच्या टाकीत वाकून पाहत विचारलं.

"दर जुम्म्याला धुते की. सगळं उपसून घासते," जैबुन्निसा म्हणाली. "तरी रोपं सडतातच."

पिंपळवंडीचा भिमाजी टोमॅटोची रोपं तयार करून विकायचा. जुन्नरच्या बाजारपेठेतला घड्याळजी शौकत त्याचा जुना मित्र. त्यालाच भेटायला तो आला होता. आठ महिन्यांपूर्वी शौकतची उजवी बाजू लुळी पडली, बोलणंही गेलं. दुकान बंद झालं. दुकानातली माशांची टाकी त्याच्या बायकोने, जैबुन्निसाने, घरी आणून त्याच्या खाटेसमोर ठेवली. गप्पी मासे तगले, पण आतली हिरवी रोपं एकेक करून विरघळू लागली. शौकत डावा हात टाकीकडे करून सारखा एकच शब्द म्हणायचा, "धो... धो..." मग ती पदर खोचून टाकी धुवायला बसायची. तो आणखीच चिडायचा. नीट निघाली नाही वाटतं, म्हणून ती पुन्हा घासायची.

"आवं, दर आठवड्याला उपटल्यावर रोपानं मूळ कधी धरायचं?" भिमाजी म्हणाला. "माशांची घाण खाली बसती, तेच त्यांचं खत. थोडं पाणी बदला, वाळूला हात लावू नका. आन् खिडकीला पडदा लावा, उन्हानं शेवाळ धरतंय."

खाटेवरून आवाज आला. शौकतचा चेहरा लाल झाला होता, ओठ थरथरत होते.

"धो... न... नको."



"या अल्ला," जैबुन्निसा खाली बसली. "आठ महिने हेच सांगत व्हते?"

शौकतने मान हलवली आणि वाकड्या तोंडाने हसला. ती हसता हसता रडू लागली.

"भिमाजीभाऊ, तुमचे उपकार—"

"माझे कसले? बोलला तर तो," भिमाजी डोळे पुसत म्हणाला.

महिन्याभराने एका रोपाला आडवा धुमारा फुटला, त्याच्या टोकाला नखाएवढं पान. शौकतने बोट दाखवलं. जैबुन्निसा ओले हात पुसून त्याच्याशेजारी खाटेवर टेकली.

चुलीवरचा चहा उतू गेला, तरी ती उठली नाही.