कधीच लाल न झालेला दिवा

पाळणाघराच्या दारावर हिरवा दिवा लागला होता आणि त्याच्या बरोबर खाली, आतल्या चटईवर बसून, तिची लेक उजवा बूट डाव्या पायात कोंबत होती.

हिरव्याचा अर्थ तिला पाठ होता: आत एकही मूल उरलेलं नाही, खुशाल कुलूप लावा. पाठ असणारच, दिव्यामागचा प्रोग्रॅम तिच्याच ऑफिसात तयार झाला होता. तिने आधी लेकीचे बूट सरळ केले, मग दिव्याकडे पाहिलं, मग पुन्हा लेकीकडे. पोरीच्या गळ्यात कार्ड तसंच लटकत होतं. निघताना ते खोलीच्या दारातल्या पेटीला टेकवायचं, म्हणजे मूल गेल्याची नोंद होते. अजून टेकवलेलं नव्हतं. खोलीबाहेरच्या छोट्या पाटीवर आकडाही होता, एक. म्हणजे पाटी म्हणत होती, एक मूल आहे. दिवा म्हणत होता, कुणी नाही.

"मावशी, हा हिरवा कसा?"

पाळणाघर चालवणाऱ्या मावशी किल्ल्या शोधत होत्या. त्या म्हणाल्या, "दिव्यालासुद्धा कळलं बाई, आई आली. आज उशीर झाला ना तुला?"

उशीर झाला होता खरा. एरवी ती बंद व्हायच्या वेळेच्या कितीतरी आधी येऊन लेकीला घेऊन जायची. दिवा लागायचा बंद व्हायच्या वेळेला, त्यामुळे लेक आत आणि दिवा लागलेला, असं तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने भिंगरीचं, म्हणजे लेकीचं, कार्ड पेटीला टेकवलं, पाटीवर शून्य आलं आणि दोघी घरी निघाल्या. पण डोक्यात तो दिवा काही विझेना.

दिवा यायच्या आधी मावशी रोज संध्याकाळी फेरी मारायच्या. पाळणाघरात तीन खोल्या. रांगती खोली, चालती खोली आणि पळती खोली, अशी त्यांचीच नावं. तिन्ही खोल्या, न्हाणीघर, पडद्यामागे, बुटक्या टेबलांखाली, सगळं वाकून बघायचं आणि मग कुलूप. गुडघे कुरकुरायचे. दिवा आल्यापासून गुडघ्यांना सुट्टी मिळाली होती आणि मावशी ऑफिसातल्या सगळ्यांना तोंड भरून आशीर्वाद देत होत्या. त्यात येत्या सोमवारपासून ऑफिसचे साहेब आणखी एक पाऊल पुढे टाकणार होते: दिवा हिरवा झाला की दार आपोआप कुलूपबंद. किल्लीचीही कटकट नको.

तिने घरी नवऱ्याला सांगितलं. तो भांडी पुसत होता. म्हणाला, लाल झाला असता तरी घाबरली असतीस, हिरवा झाला तरी घाबरतेस, निळा करून देऊ का. वर हसलाही. तिला राग आला नाही, कारण त्याच्याकडे पुरावे होते. लेकीच्या दंडावर पुरळ उठलंय म्हणून ती अर्धा दिवस रजा टाकून डॉक्टरकडे धावली होती, आणि डॉक्टरांनी ओला कापूस फिरवल्यावर ते स्केचपेनचे ठिपके निघाले होते. लेक झोपेत हसली तरी ती उठून बसायची. ऑफिसात तर तिचं नावच पडलं होतं, काळजीवाहू सरकार. लांबलचक नाव कोण घेणार, म्हणून नुसतं सरकार.

अडचण तीच होती. जिला सगळ्याचीच काळजी वाटते तिच्या काळजीला किंमत काय? दुसऱ्यांचं सोडा, तिचा स्वतःचाही विश्वास बसेना. धास्ती वाटतेय हे खरं, पण ती तर रोजच वाटते. आजची धास्ती वेगळी आहे हे ओळखायचं कशावरून?

सकाळी लेकीच्या वेणीला रिबन बांधताना तिला एकच प्रश्न सुचला. काळजीचा नव्हता तो. साधा, हो की नाही एवढंच उत्तर असलेला.

दिव्याचा प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसायचा. त्याला सगळे एक्सप्रेस म्हणत. काम हातात पडलं की मधलं एकही स्टेशन न घेता सुटायचा. हुशार होता, स्वभावानेही गोड. लिहायचं त्याने आणि चुका हुडकायच्या तिने, अशी कामाची वाटणी होती. पण हे काम झालं तेव्हा ती लेकीच्या कांजिण्यांमुळे रजेवर होती, आणि दिवा तिच्या हाताखालून न जाताच भिंतीवर चढला होता.

तिने आदल्या संध्याकाळची हकिगत सांगितली. एक्सप्रेसने मान डोलावली. म्हणाला, ताई, पाटी खोलीला लागूनच आहे, तिला लगेच कळतं. दिव्यापर्यंत निरोप जायला वेळ लागतो. थोडं थांबली असतीस तर झाला असता लाल.

पटण्यासारखं होतं. तिला हायसंही वाटलं. तरी तिने प्रश्न विचारला.

"तू त्याला लाल झालेला कधी पाहिलायस?"

एक्सप्रेसची बोटं कीबोर्डवर थबकली. तो आठवायला लागला. दिवा लागतो बंद व्हायच्या वेळेला. त्या वेळेपर्यंत मुलं गेलेलीच असतात. बसवला त्या दिवशी हिरवा, दुसऱ्या दिवशी हिरवा, रोजच हिरवा. आणि रोजच ते बरोबर होतं.

"तसा प्रसंगच आला नाही," तो म्हणाला.

"मावशींनी?"

"त्यांनी पाहिला असता तर फोन आला असता ना, सरकार."

दोघं साहेबांकडे गेले. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले. सोमवारी दुसऱ्या पाळणाघरांची माणसं हे सगळं बघायला येणार होती. ते म्हणाले, सोमवार पुढे ढकलायला माझी ना नाही, पण तुला काळजी वाटते एवढ्यावर नाही ढकलता येणार. काहीतरी दाखव.

मग संध्याकाळी ते दोघं पाळणाघरात गेले. एक्सप्रेसचं म्हणणं होतं की मावशींना काही सांगायचं नाही, गुपचूप बघायचं. ते तिला जमेना. ज्या बाईच्या मांडीवर लेक दुपारी झोपते तिला फसवायचं कसं? तिने सरळ सांगून टाकलं, मावशी, आज मी आणि भिंगरी बंद व्हायच्या वेळेनंतरही पळत्या खोलीत बसणार आहोत, कार्ड टेकवणार नाही. दिवा लाल झाला की आम्हाला हाक मारा.

मावशींना गंमत वाटली. "मारते की. अशी मारीन की पलीकडच्या गल्लीतली मुलंसुद्धा घरी जातील."

एक्सप्रेस आणि मावशी दिव्यापाशी थांबले. ती लेकीला घेऊन पळत्या खोलीत गेली आणि बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला टेकवून बसली. खोलीतून दिवा दिसत नव्हता. बाकीची मुलं एकेक करून गेली. बाहेर बूट, डबे, "उद्या ये हं", आणि मग शांतता. भिंतीवरच्या घड्याळात बंद व्हायची वेळ झाली. आता दिवा लागला असणार.

हाक आली नाही.

निरोप जायला वेळ लागतो, तिने स्वतःला समजावलं. लेकीने ठोकळ्यांचा मनोरा रचला, पाडला, पुन्हा रचला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला मनापासून वाटत होतं की आपण चुकावं. येऊ दे मावशींची हाक. हसू दे सगळ्यांना, पुढचा महिनाभर हसू दे. स्केचपेनच्या ठिपक्यांशेजारी हा दिवाही जाऊन बसू दे.

"आई, आपण लपलोय?" लेकीने दबक्या आवाजात विचारलं.

"नाही गं. नुसतं बसलोय."

"मग कुणी शोधायला का येत नाही?"

तिने लेकीला जवळ ओढलं आणि आणखी थोडं थांबली. मनोरा तिसऱ्यांदा पडला. मग ती उठली, लेकीचं बोट धरून बाहेर आली.

दिवा हिरवागार होता. त्याच्याखाली मावशी हातात किल्ली धरून उभ्या होत्या आणि दोघी दिसल्यावरही त्यांनी किल्ली खाली केली नाही. चेहरा उतरला होता. त्यांनी भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला, एकदा, दोनदा, जणू ती आहे ना हे बघत होत्या.

"मी रोज याच्यावरच तर कुलूप लावत होते," त्या म्हणाल्या. चटईवरच खाली बसल्या, गुडघ्यांची पर्वा न करता.

एक्सप्रेसने तिथेच मुलांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. कान लाल झाले होते. दिव्याने नाही तर त्याच्या कानांनी तरी लाज राखली, असं तिच्या मनात आलं. तो स्क्रीनवरची एकेक ओळ बोटाने दाखवत मोठ्याने वाचायला लागला. व्हेरिएबलना, म्हणजे प्रोग्रॅममधल्या आकडे ठेवायच्या डब्यांना, आपल्या भाषेतली नावं द्यायची त्याची खोड होती. सगळ्यात वर, अख्ख्या घरासाठी, त्याने एक व्हेरिएबल केलं होतं, त्याचं नाव 'उरले'. सुरुवातीला त्यात शून्य. मग प्रोग्रॅम एकेका खोलीत शिरतो, तिथली मुलं मोजतो आणि आकडा 'उरले'मध्ये घालतो. तिन्ही खोल्या झाल्या की दिवा 'उरले'कडे बघतो. शून्य असेल तर हिरवा, नसेल तर लाल.

ऐकताना सगळं सरळ वाटत होतं. पण तिची नजर एका ओळीवर अडली. खोलीचा हिशोब जिथे सुरू होतो, त्या महिरपी कंसाच्या आत, 'उरले'च्या आधी एक छोटासा शब्द होता. नवीन व्हेरिएबल करताना लावतात तो.

"हा 'उरले' आणि वरचा 'उरले' एकच का?"

"एकच. नाव एकच आहे की," एक्सप्रेस म्हणाला. आणि मग त्याचं बोट त्या छोट्या शब्दावर जाऊन थांबलं.

पहिल्यांदा त्याने हा तुकडा एकाच खोलीसाठी लिहिला होता. तेव्हा तो शब्द तिथे हवाच होता. पुढे अख्ख्या घराचं काम आलं तेव्हा त्याने तो तुकडा जसाच्या तसा उचलून आत ठेवला, त्या शब्दासकट. त्यामुळे प्रत्येक खोलीत शिरताना त्याच नावाचा एक नवा 'उरले' जन्माला येत होता. मुलं त्यात मोजली जात, पाटी त्यालाच विचारून आकडा दाखवी, म्हणून पाटी बरोबर. कंस संपला की तो 'उरले' आकड्यासकट नाहीसा. बाहेरच्या 'उरले'ला कुणी हातच लावला नव्हता. तो पहिल्या दिवसापासून शून्य घेऊन बसला होता, आणि दिवा विचारत होता त्याला.

मावशींनी खालूनच विचारलं, "पण नाव एक असून माणसं दोन कशी? यंत्राला कळत नाही का?"

"कळतं ना, मावशी. फार चांगलं कळतं," एक्सप्रेस म्हणाला. त्याने डोकं खाजवलं. "आमच्या घरी दादा म्हटलं की मी. आजोळी गेलं की दादा म्हणजे मोठा मामा. तिथे कुणी दादा म्हणून हाक मारली तर मामाच ओ देतो, मी समोर उभा असलो तरी. यंत्र तसंच करतं. ज्या खोलीत आहे तिथे त्या नावाचं कुणी आहे का ते आधी बघतं. असलं तर बाहेर जातच नाही. आत कुणी नसलं तरच बाहेरच्याला विचारतं."

"म्हणजे निरोप मामाला दिला," ती म्हणाली, "आणि घरी तू वाट बघत बसलास."

"वाट कसली, ताई. मला तर वाटत होतं निरोपच नाही."

हे तो दिव्याबद्दल बोलला की स्वतःबद्दल, ते तिला कळलं नाही. त्याने तो एक शब्द खोडला. बाकी ओळ तीच, नावही तेच. आता आत नवा 'उरले' होणार नव्हता, म्हणून यंत्र बाहेर येऊन घराच्या 'उरले'लाच शोधणार होतं. त्याने प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. सगळे माना वर करून बघायला लागले.

दिवा विझला. आणि लाल झाला.

चटईवर, मावशींच्या पांढऱ्या केसांवर, भिंगरीच्या नाकावर तो लाल उजेड पडला. तिचा जीव भांड्यात पडला. लाल दिवा बघून असं कुणाला होतं का, नवरा ऐकेल तर काय म्हणेल, हेही तिच्या मनात येऊन गेलं. भिंगरी कार्ड घेऊन पेटीकडे पळाली, तिला तो हिरवा करायचा होता.

"थांब जरा," ती म्हणाली. "बघू दे मला."

एक्सप्रेस तोपर्यंत साहेबांना फोन लावत होता. तिने सांग म्हणायच्या आधीच त्याने सांगितलं की चूक माझी होती, सरकारने पकडली, आणि सोमवारचं आपोआप कुलूप रद्द करा. पलीकडून साहेब काहीतरी बराच वेळ बोलले. तो नुसतं "हो" म्हणत राहिला, आणि शेवटी, आता दुरुस्त झालंय तर कुलूप राहू द्यायचं का, यावर "नाही" म्हणाला.

मग भिंगरीने कार्ड टेकवलं. दिवा हिरवा झाला, आणि या वेळी तो खरा हिरवा होता. तरी मावशी भिंतीचा आधार घेत उठल्या आणि किल्ली कमरेला खोचून रांगत्या खोलीत शिरल्या. पडद्याची कडी सरकल्याचा आवाज आला. एक्सप्रेस म्हणायला गेला की आता गरज नाही, पण मग त्याने नुसता लॅपटॉप मिटला.

तिलाही त्यांच्या मागे जावंसं वाटलं. पाय तिकडे वळलेही होते. मग तिने लेकीची पिशवी खांद्याला लावली, बूट उजव्या-डाव्या पायात आहेत ना ते पाहिलं आणि बाहेर पडली. आत मावशी बघत होत्या. आता बघणारी ती एकटीच नव्हती.

फाटकापाशी मात्र तिने एकदा वळून बघितलंच.