गुडघे टेकणारी गाडी

"निघायचं तर लवकर निघावं, म्हणजे वाटेत घाई करावी लागत नाही." आई माझी वेणी घालता घालता सांगायची, आणि मी मान हलवली की डोकं धरून पुन्हा सरळ करायची. "घाईत केलेलं काम देवापुढे ठेवता येत नाही. ऐकतेस ना?"

ऐकलं. इतकं ऐकलं की आता माझेच केस पिकले तरी रोज सकाळी दिव्यापुढे बसले की आधी तेच म्हणते: आज कोणाला लागेल असं बोलणार नाही, आज घाई करणार नाही. साधा नेम आहे. तो अवघड जावा असं माझ्या आयुष्यात फारसं काही नव्हतंही. मग आमच्या ह्यांनी गाडी घेतली.

हे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून पाहायचं, आणि हाताची हालचाल तिळाएवढी. "आयुष्यभर बारीक काम केलं, आता एक काहीतरी दणदणीत करू दे," असं म्हणून त्यांनी आमची छोटी गाडी देऊन टाकली आणि ते काळं धूड दारात आणून उभं केलं. आत कातडी खुर्च्या, छताला काच, आणि इंजिन असं की तळघरात सुरू केलं तर शेजारच्या स्कूटरचे आरसे थरथरायचे. ही गाडी डोळ्यांची पापणी लवेपर्यंत कुठल्या कुठे जाते, असं हे येईल त्याला सांगायचे. दाताला भूल दिलेल्या माणसालाही सांगायचे. तो बिचारा काय बोलणार!

पहिल्याच रविवारी हे तिला एकटे घेऊन तळ्याकडच्या रस्त्याला गेले. परत आले ते घामाघूम. उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "वळणावर वाळू होती." मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दवाखान्यात पायी जायला लागले. चालणं प्रकृतीला चांगलं, म्हणाले. आणि घरातल्या पुष्कळ गोष्टी बाईच्या वाट्याला येतात तशी ती गाडी, कोणी काही न बोलता, माझ्याकडे आली.

मी ती माझ्या चालीनं चालवायची. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे आणि पुढे निघून जायचे. मी त्यांना वाट द्यायची. कधी कधी समोरच्या पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र यायचं: आपण थकलेल्या दिसता, विश्रांती घ्या. मी थकलेली नसायची. पण एवढी चौकशी तरी कोण करतं, म्हणून बरं वाटायचं.

खरा उपयोग झाला तो बाईंमुळे.

बाई तळमजल्यावर राहतात, एकट्या. मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या. सगळी गल्ली त्यांना कवायतबाई म्हणते, मी नुसतं बाई. मूत्रपिंडं थकली तसं एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. जाता-येता टॅक्सी करायच्या. एकदा परतताना टॅक्सीतून उतरता उतरता खाली बसल्या त्या उठेचनात. मी भाजी घेऊन येत होते. त्यांना हाताला धरून उठवताना तोंडून निघून गेलं, "पुढच्या वेळेपासून मी नेते तुम्हाला."

"त्या रणगाड्यातून? मला चढायला शिडी आणशील का?"

शिडी लागली नाही. सामान ठेवायला सोपं जावं म्हणून त्या गाडीला एक बटण आहे. दाबलं की ती हळूहळू खाली बसते. मी दार उघडून बटण दाबलं. गाडीनं सुस्कारा टाकला आणि गुडघे टेकले. बाई काठीवर रेलून बघत राहिल्या.

"अगं बाई! माझ्या वर्गातल्या पोरीसुद्धा एवढ्या शिस्तीत बसत नसत."

डायलिसिसनंतर अंगातली ऊब निघून जाते. बाई परतताना भर उन्हात कुडकुडायच्या. मग मी त्यांची खुर्ची गरम करायची. त्यालाही बटण होतं. दहा मिनिटांत त्यांचे ओठ पुन्हा ओठांसारखे दिसायला लागायचे, आणि ओठ सुधारले की जीभ सुटायची.

"गोगलगाई, तो सायकलवाला पुढे गेला बघ."

"जाऊ दे हो बाई, त्याला काम असेल."

"आणि ती बाबागाडीवालीही गेली."

बाई तरुणपणी शंभर मीटर धावायच्या. घरात कुठेही पदक दिसत नाही, पण त्या बसल्या तरी टाच किंचित उचललेली असते. सिग्नलला आम्ही थांबलो की गाडीचं इंजिन खालच्या आवाजात घुमत राहायचं. एकदा बाईंनी समोरच्या पट्टीवर हात ठेवून ते ऐकलं.

"हिचा दम कोंडून ठेवला आहेस तू."

"बरी आहे की ती."

"बरी आहे! धावणाऱ्या पोरीला जन्मभर रांगेत उभं केलं तर ती बरी दिसेल, बरी असेल का?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एकदा हिला सोड ना. मी बसलेली असताना. पार कुठवर न्यायची असं नाही गं. नुसती सुरुवात. सुटताना पाठीत जो रेटा येतो ना... माझे पाय तर आता तो देणार नाहीत."

"पाहू," मी म्हणाले.

"मी मुलींना पाहू म्हणायची तेव्हा ते नाहीच असायचं. मला शिकवू नकोस."

मी हसून विषय टाळला. पण पुढे एक दिवस असा आला की टाळता येईना. यंत्राला जोडलेल्या असताना बाईंचा रक्तदाब एकदम उतरला. पायात गोळे आले, नर्स धावल्या, पलंगाचं डोकं खाली केलं. मी पोटरी चोळत होते. बाईंनी डोळे मिटले होते आणि चेहरा असा झाला होता की मला जपसुद्धा आठवेना. तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, गाडी घरात आहे तोवर मी तुम्हाला ती सुरुवात दाखवीन. शब्द देते." बाईंनी डोळे न उघडता माझा अंगठा दाबला.

त्या सावरल्या. मी शब्द दिला होता हे त्या विसरल्या नाहीत, पण आठवणही करून दिली नाही. मला वाटलं, गाडी काय, आहेच घरात.

आणि एका संध्याकाळी हे एका माणसाला घेऊन आले. जुन्या गाड्या घेऊन नव्या देणाऱ्या दुकानातला, हातात बॅटरी, अंगात चुरगळलेला कोट. तो गाडीखाली वाकला, चाकं पाहिली, आणि हसत हसत वर आला.

"डॉक्टरसाहेब, ही कोणी चालवलीच नाही का? ब्रेक बघा, काल बसवल्यासारखे. अशी गाडी मी घेतो तेव्हा लोकांनी तिचा पिट्टा पाडलेला असतो."

"आमच्याकडे ती ध्यानाला बसली होती," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसले.

ठरलं असं: हिच्या बदल्यात छोटी विजेची गाडी. तळघरात सहज मावेल, आवाज नाही, दवाखान्यातल्या मदतनीस मुलींनाही चालवता येईल. परवा दुपारी माणूस येऊन घेऊन जाणार. मला पटलं, खरंच पटलं. आणि तेवढ्यात दिलेला शब्द आठवला. उद्या बाईंचं डायलिसिस. त्यानंतर माणसात काही राहत नाही. म्हणजे उरली ती परवाची सकाळ.

रात्री जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. "तुम्ही न्याल का बाईंना? नुसती सुरुवात. शहराबाहेरच्या बायपासवर, टोलनाक्याच्या पुढे."

हे ताटात बोट फिरवत राहिले. "वाळू नव्हती," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही उभ्यानं पाणी प्यायलात तेव्हापासून."

"माझ्याच्यानं होणार नाही गं. ती पळायला लागली आणि मला वाटलं, आता हिला माझी गरज नाही. असं वाटलं की हात गार पडतात." मग थोड्या वेळानं, "तूच ने. तुझे हात मी पाहिलेत. इंजेक्शनची सुई बघून पेशंट किंचाळतात, तू शेजारी बसून वाती वळत असतेस."

कौतुक बरं वाटलं, पण झोप काही नीट लागली नाही. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला नेम. दोन्ही माझ्याच तोंडचे. सकाळी दिव्यापुढे 'घाई करणार नाही' म्हणायचं आणि तासाभरात त्या गाडीला टाच मारायची, हे मला जमेना. नेम एक दिवस बाजूला ठेवावा म्हटलं तर मग तो नेम कसला? आणि बाईंना नाही म्हणावं तर तो अंगठा आठवायचा.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसहून परतताना, खुर्ची गरम करून, मी त्यांना सरळ सांगून टाकलं. गाडी जाणार, उद्याची सकाळ आहे, आणि माझं मन असं अडलं आहे.

बाई घोंगडीत गुंडाळून बसल्या होत्या. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "शब्दातून तुला सोडलं. झालं?"

 सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

"पण एक सांगते, ते ऐक," बाई म्हणाल्या. "मी इतकी वर्षं मुली पळवल्या. शिट्टीच्या आधी जी पोर सुटते ना, ती घाई करते. मान वळवून शेजारणीकडे बघते, ती घाई करते. तिचा वेग कमीच पडतो. आणि जी खरी पळते तिचा चेहरा बघायला हवास तू. तुझा सकाळी दिव्यापुढे होतो ना, तसाच. गाल सैल, डोळे समोर. घाई तिच्या आसपाससुद्धा नसते."

"तुम्ही मला दिव्यापुढे कधी बघितलंत?"

"तुझी खिडकी माझ्या अंगणावर आहे. पहाटे मला झोप येत नाही." त्यांनी घोंगडी वर ओढली. "तू आयुष्यात हळू चालवून सुद्धा घाई केली असशील बघ. मागच्यानं हॉर्न दिला की तुझे खांदे कानाला लागतात."

हे मात्र खरं होतं. मी हसले, आणि हसता हसता आमच्या फाटकातून आत वळले.

उतरताना मी विचारलं, "नव्या गाडीत तुम्हाला वाकून बसावं लागेल, बाई. चालेल?"

"मला वाकायचं शिकवतेस?" त्या म्हणाल्या. "साऱ्या शाळेला अंगठे धरायला लावलेत मी."

मी नर्सला फोन करून विचारून घेतलं. मधल्या दिवशी सकाळी बाईंची तब्येत सगळ्यात चांगली असते, थोडं खाऊन, पट्टा नीट लावून जायला हरकत नाही, आणि एकदाच, असं तिनं सांगितलं. ह्यांनी टायरची हवा तपासून आणली. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाले, "रस्ता मोकळा दिसला तरच. पाटीवर लिहिलेल्याच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. आणि पाय एकदम काढायचा नाही, हळू उचलायचा."

"वळणावर वाळू असली तर?"

"अगं, पुरे आता," म्हणाले, पण हसले.

सकाळी मी रोजच्या वेळी उठले. दिवा लावला. क्षणभर थांबले, आणि मग रोजचंच म्हटलं, एक शब्द न बदलता: आज कोणाला लागेल असं बोलणार नाही, आज घाई करणार नाही. म्हणताना अडखळले नाही. उठताना खिडकीतून खाली पाहिलं तर बाई अंगणात उभ्या होत्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, लेस दुहेरी गाठीची. गळ्यात शिट्टी.

"शिट्टी कशाला बाई?" मी खाली जाऊन विचारलं.

"मग सुटायचं कळणार कसं तुला?"

मी दार उघडून बटण दाबलं. गाडीनं शेवटच्यांदा गुडघे टेकले. बाईंनी काठी मागच्या खुर्चीवर ठेवली, आपल्या आपण आत बसल्या, डायलिसिसच्या हाताला लागू नये असा पट्टा सरळ केला आणि दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवले. मी गाडी पुन्हा उभी केली. गॅलरीत हे चहाचा कप घेऊन उभे होते. कप तोंडाला लावायचा विसरले होते.

मग गाडीला जोरात पळू देणारं, मी कधी न दाबलेलं बटण दाबलं. इंजिनाचा आवाज जरासा खाली उतरला, जणू कोणी घसा साफ केला.

"खांदे," बाई म्हणाल्या.

मी खांदे सैल सोडले.

आम्ही नेहमीच्या चालीनं अंगण ओलांडलं. फाटकापाशी मी थांबले. एक सायकलवाला येत होता, त्याला आधी जाऊ दिलं. मग दोन्हीकडे पाहिलं, आणि डायलिसिसच्या इस्पितळाकडे उजवीला वळायचं सोडून, टोलनाक्याच्या रस्त्यासाठी डावीकडचा दिवा लावला.