बिस्किटं बाहेर गेली!

दवाखान्यातली कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे कुलूपताई म्हणायचे. एक वेळ दवाखान्याची भिंत हलेल, पण ताईंच्या खोलीतली फाइल हलायची नाही.

"फायली इथेच राहणार, ताई," इंजिनिअर समजावत होता. "आजार ओळखायला शिकणारा आमचा प्रोग्रॅम इथे येऊन वाचेल आणि शिकलेलं तेवढंच आमच्याकडे पाठवेल. प्रत्येक दवाखान्यातून असंच. नाव नाही, गाव नाही."

"बघते," म्हणत ताईंनी घरी प्रयोग केला. धाकटा दीर परवाच दवाखान्यात गुपचूप रक्त तपासून घेऊन गेला होता आणि डॉक्टरांनी त्याचा कबुलीजबाब खोक्यासकट फायलीत लिहिला होता. जेवताना ताई एवढंच म्हणाल्या, "आज एक गोष्ट शिकले. बुटांच्या खोक्यात बिस्किटं लपवून खाल्ली, की साखर वाढते."

धाकटी जाऊ ताटावरून उठली ती खोकं घेऊनच परतली. दिराचं तोंड बघण्यासारखं झालं.

सकाळी ताईंनी घडलेलं सांगून इंजिनिअरला फैलावर घेतलं. "नाव नाही गेलं रे, पण बिस्किटं गेली ना!"

"तुम्ही एकाच रुग्णावरून शिकलात, म्हणून ओळखू आलं. आम्ही शेकडो जणांचं एकत्र कालवतो, वर आकड्यांत मुद्दाम थोडी भेसळ करतो. मग कोण कुठला, पत्ता लागत नाही."

ताईंना पटलं. संध्याकाळी ताटं वाढताना त्या म्हणाल्या, "खाऊ कुठेही लपवून खाल्ला, तरी साखर वाढतेच."

दिराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सासूबाई उशीकडे धावल्या, नवरा पुस्तकांच्या कपाटाकडे आणि जाऊ धुण्याच्या टोपलीकडे.