अठरा वर्षांच्या पोराला अठरा वर्षं

मित्रांनो, आरोपीला ज्याच्याआड उभं करतात, तो सामोआच्या कोर्टातला लाकडी कठडा म्हणजे मी. इफिलेले नावाच्या तिकडच्या झाडाच्या लाकडाचा. सुतारानं मला घासून पुसून बसवलं, तेव्हा सगळे म्हणाले, "काय देखणा झालाय!" पुढे कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. घामेजलेले हात तेवढे मला धरत राहिले. त्या घामाची मला कधी किळस आली नाही. किळस आली ती एका निकालाची.

तानिएलू अठरा वर्षांचा. दोस्तांबरोबर दारू पिऊन त्यानं एका रात्रीत रस्त्यावरची नऊ दुकानं फोडली. बिस्किटं, माशांचे डबे उचलले. गुन्हा कबूलही केला. न्यायाधीशांनी दर दुकानाला दोन वर्षं दिली.

"सगळ्या शिक्षा एकामागून एक भोगायच्या," ते म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

अठरा वर्षं! त्याच सकाळी बायकोचा जबडा मोडणारा एकजण तीन वर्षांवर सुटला होता.

"सुटशील तेव्हा टक्कल पडलेलं असेल रे!" पहाऱ्यावरचा पोलीस म्हणाला. लोक हसले. तानिएलूची आई फुआ मागच्या बाकावर होती. तिच्यासमोर हसले. शिसारी आली मला.

मासिना नावाच्या वकीलबाईंनी अपील केलं. वर्ष उलटून गेल्यावर तीन नवे न्यायाधीश बसले. तानिएलू पुन्हा माझ्याआड आला. तुरुंगात त्याचा पुढचा दात पडला होता.

"साहेब, चोरी केली, शिक्षा हवीच," मासिनाबाई म्हणाल्या. "पण सगळी मिळून किती होते, हे कुणी पाहायचं?"

थोरल्या न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला विचारलं, "बेरीज झाल्यावर या पोराकडे कुणी एकदा तरी पाहिलं?"

वकिलानं कागद चाळले. "तसं दिसत नाही, साहेब."

सगळ्या शिक्षा एकदमच भोगायच्या, असं ठरलं. अठराची दोन वर्षं झाली.

"म्हणजे ताईच्या लग्नाला असशील तू," फुआ रडत म्हणाली. पडलेला दात दिसू नये म्हणून तानिएलूनं ओठ मिटूनच मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अठरा वर्षं देणारे ते जुने न्यायाधीश आले, चहा मागवला आणि म्हणाले, "हं, पुढचा कोण?"

मित्रांनो, मला पॉलिश नको. उद्या तुमच्यातलं कुणी न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलं, तर आकडा सांगण्याआधी माझ्याकडे बघा. माझ्याआड कुणीतरी उभं असतं.