कूज्यातलं पाणी

डोळे मिटा पाहू. सकाळच्या गाडीने मद्रासहून निघून तुम्ही एन्नोरला उतरला आहात. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये सुरूची झाडं, आणि पायाखालची वाळू अशी तापलेली की उभं राहवत नाही. आलात? मग कनकाच्या मागोमाग चला.

कनका दहा वर्षांची. घराणं तंजावरकडचं, घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. तिचे अप्पा, व्यासराज, रेल्वेच्या कचेरीत कारकून. दरसाल आडी, म्हणजे आषाढ, महिन्याच्या अमावास्येला ही मंडळी इथे समुद्रस्नानाला येत. अप्पा पितरांना तर्पण देत, मुलं शिंपले वेचत. कनकाला हा दिवस दिवाळीहून प्यारा. यंदा अम्मा बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून चार वर्षांचा धाकटा भाऊ मौळी कनकाच्या ताब्यात होता. सोबत अप्पांची आई, म्हणजे आजी, होती.

"अक्का, समुद्रात एवढं मीठ कोण घालतं?" त्याने विचारलं.

"आजी. म्हणून तर आपल्या सांबारात कमी पडतं."

"घरी चल गे, जिभेवरच ठेवते तुझ्या!" आजी म्हणाली, पण हसली.

मौळी उन्हात मनसोक्त हुंदडला. लाटेत पडून त्याच्या पोटात खारं पाणी गेलं, आणि तो दोनदा ओकला. "कूज्यातलं पाणी दे त्याला," अप्पा तर्पण करता करता म्हणाले. कूजा म्हणजे झाकणाचा पितळी तांब्या. त्यातलं पाणी आजीने पहाटे सोवळ्यात भरलं होतं. तो वाळूत ठेवलेला होता.

आता तिथे नव्हता. एक मोठी लाट वरपर्यंत आली होती, आणि जवळच जाळं वाळवणाऱ्या कोळणीने धावत जाऊन कूजा उचलला होता. तिने तो सुरूच्या सावलीत नीट टेकवून ठेवला होता.

"शिवलीस?" आजी ओरडली.

"वाहून गेला असता, अम्मा," कोळीण तमिळमध्ये म्हणाली.

"जाऊ द्यायचा होता!"

आजीने झाकण काढलं आणि कूजा उलटा केला. सगळं पाणी वाळूत गेलं. वाळूवर एक काळा डाग उमटला आणि बघता बघता वाळला.

"आजी, मौळीला प्यायला..."

"स्टेशनात नळ आहे. थोडी कळ काढेल."

मौळीने कळ काढली नाही. तो सावलीत आडवा झाला. मघाशी घामाने थबथबलेलं त्याचं अंग आता कोरडं होतं आणि तव्यासारखं तापलं होतं. कनकाने हाक मारली, तर तो भलतंच काही बोलला. मग बोलायचाही थांबला.

अप्पा ओलेत्या धोतराने धावत आले. त्यांनी मुलाच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. कोळीण जरा दूर उभी होती. तिच्या झोपडीच्या दारात मातीचा माठ होता, वर झाकण, झाकणावर करवंटी. अप्पांनी त्या माठाकडे पाहिलं. कनकाने त्यांना पाहताना पाहिलं.

"व्यासू," आजी हलकेच म्हणाली, "आज अमावास्या. पितर दारात उभे असतात रे."

अप्पांनी मान खाली घातली. व्यासराज वाईट माणूस नव्हता, मुलांनो. रिकामा कूजा उचलून तो तापल्या वाळूतून स्टेशनाकडे पळत सुटला. पण स्टेशन लांब होतं. थोड्याच वेळात त्याची आकृती झाडांआड दिसेनाशी झाली.

आजी मौळीला पदराने वारा घालू लागली. तिचे ओठ देवाचं नाव घेत होते. मौळीचे डोळे अर्धवट उघडे होते, पण ते कशाकडेच बघत नव्हते. त्याला एक उचकी आली. मग बराच वेळ काहीच नाही.

कनका उठली आणि कोळणीपाशी गेली.

"पाणी द्या."

कोळीण मागे सरली. "नको गं पोरी. आत्ताच ऐकलंस ना? त्याला काही झालं तर माझ्या पाण्याने झालं म्हणतील."

"कनके!" मागून आजीचा आवाज आला. "तिथलं पाणी आणलंस, तर माझ्या घरात पाऊल ठेवायचं नाही. ऐकतेस ना गे?"

कनका ऐकत होती. आजीने बोललेलं कधी मागे घेतल्याचं तिला आठवत नव्हतं.

ती कोळणीला ओलांडून झोपडीच्या दाराशी गेली, झाकण काढलं, करवंटी बुडवली आणि दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, परत आली. आजी मौळीच्या आडवी बसली होती. "आजी, सर," कनका म्हणाली. आजी सरली नाही. मग कनका तिला वळसा घालून पलीकडे गुडघ्यांवर बसली, मौळीचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या ओठांत पाणी सोडलं. थोडं आत गेलं, बाकीचं गळ्यावरून ओघळलं. तो गिळतो आहे की नाही, कळेना.

आजीने डोळे मिटून घेतले होते.

करवंटी रिकामी झाली. मौळीचं डोकं हळूच वाळूवर ठेवून कनका पुन्हा माठाकडे धावली.