मी माशाचा वास न लागलेली कढई

मी यशोदाच्या घरातली सोवळी कढई बोलतेय. हसू नका. आमच्या तारकर्लीत माशांची कढई वेगळी आणि नैवेद्याची वेगळी, हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

कुडाळच्या बाजारातल्या लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं. नवी नवरी असलेल्या यशोदाने मला वाजवून पारखलं आणि घरी आणल्याबरोबर बजावलं, "हिका मासो लावचो नाय!" झालं! चाळीस वर्षं मी माळ्यावर. चतुर्थीला उतरायचं, चार दिवसांनी पुन्हा चढायचं. खाली माशांची कढई रोज तोरा मिरवायची. मला राग यायचा, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

यंदाच्या श्रावणात मात्र यशोदाच्या सुनेने, सारिकाने मला अवेळीच खाली काढलं. घरातल्या चार खोल्या पर्यटकांना देतात. पण श्रावणात मासे बंद, म्हणून पर्यटक बंद, पावसामुळे होडीही बंद. मग तिचा नवरा धनेश दरवर्षी मुंबईला टॅक्सी चालवायला जातो. चतुर्थीलाही त्याला सुट्टी मिळत नाही.

यंदा सारिका हटून बसली. धनेशला म्हणाली, "शाकाहारी पावणे आणतंय. खोल्यो भरल्यो तर तू जावचंस नाय."

"मासे नाय, तर पावणो कित्याक येतलो?" यशोदाने नाक मुरडलं.

तरी सांगलीची तीन कुटुंबं आली. रविवारची संध्याकाळ होती. धनेशची मुंबईची गाडी सोमवारची. सारिकाने चहाबरोबर दोन प्रकारची भजी ठरवली होती: गूळ-वेलचीची केळ्याची गोड, आणि अननसाच्या फोडीवर चीज ठेवून मिरी घातलेली तिखट.

केळ्याची छान फुलली. मला वाटलं, जिंकलो आपण! मग चीजचा घाणा पडला आणि फटाफट फुटला. चीज बाहेर, तेलावर फेस, सारिकाच्या मनगटावर चटका. पाहुणे बाहेर वाट बघत बसलेले. तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं, पण कढईने काय करावं?

इतका वेळ खोबरं किसत बसलेली यशोदा उठली.

"सर गो! ओलो तुकडो तसोच पिठात बुडवलंस? बांगडो असो तळतस?"

तिने अननसाची फोड फडक्यावर टिपली, चीज आणि फोड दोन्हींना तांदळाचं कोरडं पीठ चोळलं, भिजवलेल्या पिठात बुडवून वरून रवा लावला आणि अलगद माझ्यात सोडलं. एकही फुटलं नाही.

चीज कसं लागतं हे यशोदाला आजही माहीत नाही. तिचा हात माशांवर तयार झालेला. ज्या माशांपायी मी माळ्यावर बसले, त्यांचीच विद्या माझ्या तेलात कामी आली. मान्य करते बाई!

एक पाहुणी दारात आली. "ही कढई माशांची नाही ना?"

यशोदा ताठ झाली. ठेवणीतल्या पुस्तकी मराठीत म्हणाली, "नाही हो. चाळीस वर्षांत हिला माशाचा वाससुद्धा लागलेला नाही."

इतकं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं. पाहुणीने तिथेच पुढच्या दोन्ही रविवारी आपल्या नणंदांसाठी खोल्या सांगून टाकल्या. सोमवारची गाडी धनेशशिवाय गेली.

आता मी ओट्याजवळच्या खुंटीवर असते. माझी एकच विनंती. तुमच्या घरच्या लोखंडी कढईला तापलेली असताना गार पाणी घालू नका. आणि धुतल्यावर पुसून तेलाचा हात फिरवा, आम्ही तुम्हाला जन्मभर पुरतो.

यंदा चतुर्थीच्या नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, भरायला पहिल्यांदाच धनेश बसला होता. एकीलाही धड आकार आला नाही. नैवेद्याचं ताट वाढताना यशोदाने सगळ्यांत वाकडी नेवरी उचलली आणि देवापुढे सर्वांत वर ठेवली.